रूबी या प्रोग्रॅमिंग भाषेत पहिली डीएसएल (एखाद्या ठरावीक कामापुरती छोटी भाषा) लिहिताय?

लगेच कोडला हात घालू नका. वापरणारा काय टाइप करेल, त्या पाच-सहा ओळी आधी लिहा. रेकफाइल (रेक या टूलसाठी कामं लिहून ठेवायची फाइल) किंवा रेल्स या वेब फ्रेमवर्कची राउट्स फाइल उघडून बघा, त्याही डीएसएलच आहेत, अंदाज येईल. मग साध्या क्लास-मेथड्सनी तेच काम करून घ्या. डीएसएल हा त्यावरचा पातळ थर.

सुरुवातीला ब्लॉक (मेथडला दिलेला कोडचा तुकडा) आणि इन्स्टन्स इव्हॅल (तो ब्लॉक एखाद्या ऑब्जेक्टच्या आत चालवणारी मेथड) पुरे. नवखे इथे हमखास अडकतात:

- इन्स्टन्स इव्हॅलमुळे ब्लॉकमध्ये सेल्फ, म्हणजे सध्याचा ऑब्जेक्ट, बदलतो. बाहेरचे लोकल व्हेरिएबल दिसतात, पण बाहेरचे ॲटवाले (@) इन्स्टन्स व्हेरिएबल निल (रिकामे) येतात. तासन्‌तास जातात यात!
- मेथड मिसिंगचा (नसलेली मेथड बोलावली की चालणाऱ्या मेथडचा) मोह. स्पेलिंग चुकलं तरी एरर येत नाही, सगळं गुपचूप गिळलं जातं. ठरावीक शब्दांना सरळ मेथड्सच लिहा.

पार्सर (मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा कोड) वगैरे सध्या विसरा. अडलात तर कोड इथे टाका, बघू.