कार्डावर ‘पार्टनर’ छापलंय, पण भागीदार होऊ नका

सोलापुरातून एका वाचकाने विचारलं आहे : “नवी पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पुण्याच्या एका ई-कचरा कंपनीने मला ‘मार्केटिंग पार्टनर’ नेमलं. शाळा, पतसंस्थांकडचा जुना माल मिळवून द्यायचा, किलोमागे कमिशन. चार महिन्यांचं कमिशन थकलंय. आता कंपनी म्हणते, आधी भागीदारी करारावर सही करा, मग हिशेब. काय करू?”

सही करू नका. तुम्ही पाठवलेला मसुदा मी दोनदा वाचला. ‘मालाबाबतची सर्व कायदेशीर जबाबदारी दुसऱ्या पक्षाची राहील’ असं त्यात आहे, आणि दुसरा पक्ष तुम्ही आहात.

आज तुम्ही एजंट आहात. कंपनीच्या नावाने केलेल्या व्यवहारात एजंट सहसा स्वतः बांधला जात नाही (करार कायदा 1872, कलम 230). भागीदार झालात, की भागीदारी कायदा 1932 च्या कलम 25 प्रमाणे धंद्याचं सगळं देणं तुमच्या एकट्याकडूनही वसूल होऊ शकतं. दुकान, घर, सगळ्यावर गदा.

नुसतं कार्डावर ‘पार्टनर’ छापल्याने कोणी भागीदार होत नाही. पण ते कार्ड बघून, त्या भरवशावर टेम्पोवाल्याने उधारीवर फेऱ्या मारल्या असतील, तर तो कलम 28 खाली तुमच्याकडे पैसे मागू शकतो. म्हणून जुनी कार्डं वाटणं बंद करा, नवीन छापताना ‘कमिशन एजंट’ लिहा.

मला खरी काळजी वाटते ती पतसंस्थेला दिलेल्या पावतीची. ती तुम्ही स्वतःच्या दुकानाच्या लेटरहेडवर दिलीत. कागदावर कंपनी कुठेच नाही, माल घेतलात तुम्ही. त्या हार्ड डिस्कमध्ये सभासदांची खाती आहेत हो! माल पोचल्याची नगवार पोच आणि डिस्क नष्ट केल्याचा दाखला कंपनीकडून लेखी मागा.

सोबत नोंदणीचा दाखलाही मागा. 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. रिसायकलरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागतेच. दाखल्यावरचा पत्ता आणि मुदत नीट बघा. टाळाटाळ झाली तर एक किलोही माल पाठवू नका. पर्यावरण संरक्षण कायद्यात आता दंड 10 हजारांपासून 15 लाखांपर्यंत आहे.

कमिशनचा या सहीशी काही संबंध नाही. झालेल्या कामाचे पैसे आहेत ते. वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस द्या. पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावता येतो, आणि काम सोलापुरात झालं असल्याने तो इथल्या कोर्टात लावता येईल. मसुद्यात ‘वाद फक्त पुण्याच्या न्यायालयात’ असं कलम घुसवलंय, सही केलीत तर ही सोय गेली.

वजनकाट्याच्या पावत्यांची शाई उडते. आजच झेरॉक्स काढून ठेवा, व्हॉट्सअॅपवरचं दराचं बोलणं डिलीट करू नका, आणि हे सगळं घेऊन वकिलाकडे जा.