दिओताल्लेवी हे इटालियन आडनाव कुठून आले, आणि ते लावणारे सगळेच टाकून दिलेल्या मुलांचे वंशज असतात का?

आपल्या मुलीने इटलीतील ज्या कुटुंबात लग्न केले आहे त्यांचे आडनाव दिओताल्लेवी आहे, आणि "हे अनाथगृहातील मुलांना देत असत" असे एका परिचिताने सांगितल्यापासून आपल्या मनात खळबळ आहे, असे आपण लिहिले आहे. लवकरच नातवंड येणार असल्यामुळे या नावाचा उगम काय आणि ते आज कितपत आढळते, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी काही वर्षे इटलीत राहून तेथील जुन्या जन्मनोंदी वाचल्या आहेत, आणि आडनावे हा माझ्या आवडीचा विषय आहे. त्या परिचिताच्या बोलण्यात तथ्य आहे, परंतु ते काही घराण्यांपुरते आहे. आपल्या व्याह्यांचे घराणे त्यांपैकी आहे की नाही, हे केवळ आडनावावरून कोणालाही सांगता येणार नाही.

प्रथम अर्थ पाहू. दिओताल्लेवी हा एक शब्द दिसत असला तरी ते एक पूर्ण वाक्य आहे. 'दिओ' म्हणजे देव, त्यापुढचा 'त' म्हणजे तुला, आणि 'आल्लेवी' हे 'आल्लेवारे' या क्रियापदाचे, आपल्या 'वाढवो', 'राखो' यांसारखे, आशीर्वाद देणारे रूप. 'आल्लेवारे' म्हणजे लहानाचे मोठे करणे. आजच्या इटालियनमध्ये हे क्रियापद गुरे-कोंबड्या पाळण्यासाठीही वापरतात, परंतु मूल वाढवणे हा त्याचा अर्थ अजून जिवंत आहे. तेव्हा संपूर्ण नावाचे मराठी 'देव तुला वाढवो' असे होईल. उच्चारताना 'ल्ल' वर थांबावे आणि जोर 'ले' वर द्यावा.

असे वाक्य कोणी मुलाचे नाव म्हणून का ठेवील, याचे उत्तर मध्ययुगात आहे. त्या काळी इटलीच्या मध्य भागात आणि तोस्कानात आशीर्वादाची नावे ठेवण्याची पद्धत होती, आणि ती आडनावे नव्हती, तर बारशाला ठेवलेली व्यक्तिनामे होती. पिसात, कलता मनोरा ज्या चौकात आहे तेथेच जे गोल बाप्तिस्मागृह उभे आहे, त्याचे काम १२ व्या शतकाच्या मध्यास सुरू झाले. त्याच्या आतील खांबावर मुख्य स्थपतीचे नाव लॅटिनमध्ये कोरलेले आहे: 'देओतिसाल्वी', म्हणजे 'देव तुझे रक्षण करो'. हा मनुष्य आपल्या काळातला नामांकित स्थपती होता आणि त्याच्या नावाचा अनाथपणाशी काहीही संबंध लावता येत नाही. बेनवेनुतो म्हणजे 'तुझे येणे शुभ असो', बोनाव्हेंतुरा म्हणजे 'तुझे भाग्य चांगले असो', स्पेरांदिओ म्हणजे 'देवावर भरवसा ठेव'. हीसुद्धा त्याच कुळातील नावे. जन्मलेल्या मुलांपैकी कितीतरी पहिल्या काही वर्षांतच दगावत असत, त्या काळात आईबापांची सर्वांत मोठी इच्छा मूल जगावे हीच असे, आणि तीच इच्छा ते नावात गुंफत. आपल्याकडे मुले जगत नसत त्या घरात पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू किंवा भिकू ठेवत, म्हणजे दृष्ट लागू नये. भीती दोन्हीकडे तीच आहे. आपल्याकडे नाव उतरवून मूल झाकून ठेवले, तिकडे नावातच देवाला साकडे घातले.

व्यक्तिनामाचे आडनाव कसे झाले, हे समजायला सोपे आहे. 'दिओताल्लेवीचा जोव्हान्नी' असे बापाच्या नावासह लिहिता लिहिता मधला प्रत्यय गळून 'जोव्हान्नी दिओताल्लेवी' झाला, आणि नातवापणतवांनी ते नाव तसेच पुढे चालवले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मग्रामाला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीला, बाप्तिस्मा व विवाह यांच्या वह्या ठेवणे बंधनकारक केले, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच वहीत नोंदी होऊ लागल्यामुळे अशी नावे पक्की होत गेली.

हे नाव केवळ टाकलेल्या मुलांचे नव्हते याचा एक पुरावा तर बर्लिनच्या चित्रसंग्रहात टांगलेला आहे. राफाएलने १६ व्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, वयाच्या विशीच्या आसपास, मरियम, बाळ येशू आणि बाल योहान यांचे एक चित्र रंगवले. आज ते 'दिओताल्लेवी मादोन्ना' या नावाने ओळखले जाते, कारण १९ व्या शतकात बर्लिनला जाण्यापूर्वी ते रिमिनी येथील मार्केस दिओताल्लेवी यांच्या संग्रहात होते. मार्केस ही सरदारकीची पदवी आहे. राफाएलचे चित्र बाळगणारे सरदार घराणे आणि अनाथगृहातून आलेले एखादे मूल, दोघांचेही आडनाव एकच असू शकते, आणि म्हणूनच मी नावावरून निष्कर्ष काढू नका असे म्हणतो.

आता त्या परिचिताच्या म्हणण्यातील खऱ्या भागाकडे वळतो. इटलीतील टाकलेल्या मुलांची आडनावे हा फार मोठा आणि हृदयाला भिडणारा विषय आहे. अनेक शहरांत अनाथगृहाच्या किंवा रुग्णालयाच्या भिंतीत एक लाकडी फिरते पिंप बसवलेले असे, त्याला 'रुओता', म्हणजे चाक, म्हणत. रस्त्यावरून कोणी त्यात मूल ठेवून पिंप फिरवले की मूल आत जाई, घंटा वाजे, आणि आतल्या बाईला मूल मिळे; ठेवणाऱ्याचा चेहरा मात्र कोणालाही दिसत नसे. नेपल्सच्या आन्नुन्झियाता संस्थेने अशा मुलांना एस्पोझितो, म्हणजे 'बाहेर ठेवलेला', हे आडनाव दिले आणि आज ते त्या प्रदेशातले सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. रोममध्ये 'टाकलेला' या अर्थाने प्रोयेत्ती म्हणत. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाचे चिन्ह कबुतर होते, म्हणून तेथील मुले कोलंबो झाली. फ्लॉरेन्समध्ये रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने १४१९ मध्ये स्थपती ब्रुनेल्लेस्कीकडून जे निरागस बालकांचे गृह बांधायला घेतले, त्यात पहिले मूल ५ फेब्रुवारी १४४५ रोजी आले. ती मुलगी होती, आणि त्या दिवशी संत आगाथाचा सण असल्यामुळे तिचे नाव आगाता स्मेराल्दा ठेवले गेले. 'इन्नोचेंती' म्हणजे निरागस, म्हणून तेथील मुलांच्या वंशजांत इन्नोचेंती, नोचेंतीनी आणि देल्यिन्नोचेंती ही आडनावे आढळतात.

फ्लॉरेन्सचे हे गृह आता संग्रहालय आहे, आणि तेथे भिंतीत लहान लहान खण आहेत. खण ओढला की आत एखादी वस्तू असते: मधोमध तोडलेले पदक, अर्धे नाणे, फितीचा तुकडा, काचेचा मणी. मूल ठेवताना आई एक अर्धा भाग त्याच्या कपड्यांत खोचत असे आणि दुसरा स्वतःजवळ ठेवत असे, म्हणजे कधी परिस्थिती सुधारली तर दोन अर्धे जुळवून आपले मूल ओळखता यावे. मी एका खणात अर्धे पदक पाहिले. तोडलेली कड सरळ नव्हती, मुद्दाम नागमोडी कापली होती, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही तुकड्याशी ती जुळू नये. तो खण परत लोटताना माझा हात थोडा वेळ तसाच राहिला. ही माणसे मुलांना निष्ठुरपणे फेकून देत नव्हती, हे मला कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या कडेने जास्त पटवून दिले.

एकाच संस्थेतील सर्व मुलांना एकच आडनाव दिले की ते कलंकासारखे आयुष्यभर चिकटते, हे पुढे लोकांच्या लक्षात आले. मिलानमध्ये कोलंबो देणे १८२५ मध्ये थांबले, नेपल्समध्ये त्याआधीच राजा म्युराच्या राजवटीत एस्पोझितो देणे बंद झाले. मग कारकून व धर्मगुरू प्रत्येक मुलासाठी वेगळे आडनाव शोधू लागले. कधी ते महिन्यावरून घेतले, कधी सापडल्या जागेवरून, कधी संताच्या सणावरून. आणि कधी प्रार्थनेवरून, त्यातच दिओताल्लेवी येते. ज्याच्यापाशी आईबाप नाहीत त्याला 'देव तुला वाढवो' म्हणणे नोंद करणाऱ्याच्या मनात किती स्वाभाविक असेल, याची आपण कल्पना करू शकता. ही बहुतेक चाके १९ व्या शतकातच बंद झाली. फ्लॉरेन्स आणि नेपल्स दोन्ही ठिकाणी १८७५ मध्ये. आज इटलीच्या नागरी नोंदणीच्या नियमांनुसार आईबाप अज्ञात असलेल्या मुलाला त्याचा जन्म सूचित करणारे नाव किंवा आडनाव देण्यास मनाई आहे.

कोलंबोचे उदाहरण मी मुद्दाम दिले, कारण त्यावरून आपला मुद्दा स्पष्ट होतो. अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेला क्रिस्तोफोरो कोलंबो, म्हणजे आपण ज्याला कोलंबस म्हणतो तो, जेनोवाचा, त्याचा बाप दोमेनिको विणकर, आणि त्याच्या कुटुंबाचा माग कागदपत्रांतून लागतो; मिलानच्या अनाथगृहाशी त्याचा काहीही संबंध नाही. मिलानमधला एखादा कोलंबो मात्र त्या कबुतराच्या चिन्हावरून कोलंबो झालेला असू शकतो. आडनाव एक, वाटा दोन, आणि त्या वाटा वेगळ्या करून दाखवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे नोंदवही.

ती कशी पाहावी, तेही सांगतो. इटलीत देशभर नागरी जन्मनोंदणी १ जानेवारी १८६६ पासून सुरू झाली, रोममध्ये मात्र ते शहर १८७० मध्ये इटलीत आल्यानंतर. त्याआधीच्या काळासाठी बहुतेक ठिकाणी धर्मग्रामाच्या वह्या पाहाव्या लागतात. सरकारी अभिलेखागारांनी लाखो पाने स्कॅन करून 'आन्तेनाती', म्हणजे पूर्वज, या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. मागे मागे जाताना एखाद्या नोंदीत बापाच्या जागी 'अज्ञात आईबापांचे' किंवा 'एस्पोस्तो' (बाहेर ठेवलेला) असा शब्द आला, सोबत सापडल्याची वेळ आणि अंगावरच्या कपड्यांची यादी दिसली, की त्या घराण्याचे आडनाव तेथून सुरू झाले असे समजावे. उलट बाप, आजोबा, पणजोबा सगळे दिओताल्लेवी म्हणूनच नोंदले गेले असतील, तर नाव जुने आहे. बापाच्या जागी 'न. न.' ही अक्षरेही पुष्कळ दिसतील. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'नाव माहीत नाही' असा. ओळखपत्रे व दाखल्यांवर आईबापांचे नाव लिहिण्याची सक्ती १९५५ च्या कायद्याने गेली, आणि त्यामुळे अशा असंख्य माणसांची दररोजची मानहानी थांबली.

जर उत्तर 'एस्पोस्तो' असे निघाले, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे, हे मला समजत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरात जे बालहत्या प्रतिबंधक गृह चालवले, तेथे जन्मलेला यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि फुले याच आडनावाने जगला. त्याच्यामुळे ते आडनाव कोणाला कमी वाटले नाही.

आता आजच्या आढळाविषयी. रोस्सी किंवा एस्पोझितो लावणारी कुटुंबे इटलीत दहा-दहा हजारांच्या पटीत आहेत; दिओताल्लेवी त्या मानाने फारच दुर्मीळ आहे. ते प्रामुख्याने मध्य इटलीत सापडते: मार्के, रिमिनीचा परिसर, उंब्रिया आणि रोम. नकाशावर पाहिले तर हा बराचसा जुन्या पोपच्या राज्याचाच पट्टा आहे. रोममध्ये ही कुटुंबे जमण्याचे एक कारण म्हणजे राजधानी झाल्यावर आजूबाजूच्या प्रदेशांतून तेथे पोटापाण्यासाठी आलेले लोक. एका 'ल' ने लिहिलेले दिओतालेवी हे रूपही आढळते. ते वेगळे घराणे आहे असे लगेच मानू नये, कारण लिहिणाऱ्याच्या कानाला दुहेरी व्यंजन कसे ऐकू आले त्यावर ते अवलंबून असे. समुद्रापलीकडे अर्जेंटिना आणि अमेरिका येथेही ते पोहोचले, आणि मार्केमधून अर्जेंटिनाला झालेले मोठे स्थलांतर लक्षात घेता त्यात नवल नाही. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर कारकुनांनी आडनावे बदलली अशी दंतकथा फार प्रसिद्ध आहे, परंतु प्रवाशांच्या याद्या जहाज कंपन्या निघण्याच्या बंदरावरच तयार करत असत, म्हणून बदललेले रूप दिसले तर कारण दुसरीकडे शोधावे.

दुर्मीळ आडनाव टिकते की संपते हे बऱ्याच अंशी कायद्यावर अवलंबून असते, आणि आपल्या नातवंडाशी त्याचा थेट संबंध आहे. इटलीत विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही. आपल्या मुलीच्या अधिकृत कागदांवर माहेरचेच राहील. मुलाला मात्र पूर्वी आपोआप बापाचे आडनाव मिळे, आणि त्यामुळे ज्या घरात फक्त मुलीच झाल्या तेथे दिओताल्लेवी संपत गेले. २०२२ मध्ये घटना न्यायालयाने हा नियम रद्द केला, आणि आता आईबापांनी एकाच आडनावावर सहमती दिली नाही तर मुलाला दोघांचीही आडनावे लागतात, तीही दोघांनी ठरवलेल्या क्रमाने. तेव्हा आपल्या आडनावालाही पुढे जाण्याची वाट आहे. मुलगी आणि जावई यांनी बाळाच्या जन्माआधीच यावर बोलून ठेवावे, कारण नोंद करताना विचार करायला वेळ मिळत नाही.

व्याह्यांना विचारायचेच असेल तर "तुमच्या आजोबांचे आजोबा कोणत्या गावी जन्मले?" एवढेच विचारा. गाव कळले की नगरपालिकेच्या आणि धर्मग्रामाच्या वह्या उघडता येतील, आणि गावाचे नाव मिळाल्यावर त्या कशा वाचाव्यात हे मी आनंदाने सांगेन.