आई काहीच टाकू देत नाही

"मॅडम, आई घरातलं काहीच टाकू देत नाही. ती बाहेरगावी गेली की आम्ही सगळं साफ करून टाकू का?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला इतक्या मुलांनी, सुनांनी, नवऱ्यांनी विचारलाय की एकदा नीट लिहावं असं वाटलं. माझं उत्तर 'नका करू' असंच असतं. का, ते एका बाईंच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई साठीच्या पुढच्या, बोलण्यात अगदी नेटक्या. घरी मात्र पलंगावर एका कुशीवर झोपता येईल एवढीच जागा उरलेली. बाकी सगळीकडे रिकामे डबे, जुनी वर्तमानपत्रं, पट्टे तुटलेल्या पिशव्या. मुलीने एकदा त्यांच्या माघारी ती खोली रिकामी केली होती. काही महिन्यांत ती पहिल्यापेक्षा जास्त भरली आणि आईने दाराला कुलूप लावलं.

सुरुवातीच्या भेटींत मी पसाऱ्याचा विषयच काढला नाही. आज त्रास देणारी सवय कधीकाळी माणसाला सावरून गेलेली असते, असं मी मानते. म्हणून 'का टाकत नाही?' हे विचारण्याआधी मी 'हे कधीपासून?' याचा शोध घेते.

एकदा त्यांनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला.

"कुठल्या कुलपांच्या या?"

"आता कुठल्याच नाहीत."

"टाकायच्या असं मनात आणलं तर काय होतं?"

"धडधडतं. वाटतं, मी शाळेतून घरी येतेय आणि..."

पुढे त्या बोलेनात. मीही गप्प बसले. अशा वेळी समुपदेशकाने मध्ये बोलू नये, हे मला इतक्या वर्षांत पक्कं कळलं आहे.

वडील गेले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. एके दिवशी शाळेतून आल्या तर घर मोकळं. नातेवाइकांनी सामान वाटून, विकून टाकलं होतं. दप्तरात होतं तेवढंच त्यांचं उरलं. "मला एकदा विचारलं असतं ना," त्या म्हणाल्या, "तर मी सगळं देऊन टाकलं असतं."

सगळा उलगडा त्या वाक्यात होता. जखम वस्तू गेल्याची नव्हती, न विचारता गेल्याची होती. मुलीने प्रेमापोटी केलेल्या साफसफाईने तोच दिवस पुन्हा उभा केला होता. पुढच्या भेटीला मुलगी आली आणि आपणहून म्हणाली, "आई, तुला विचारल्याशिवाय यापुढे कागदाचा कपटाही हलवणार नाही." खरं काम तिथून सुरू झालं. एका वेळी एकच पिशवी, थोडाच वेळ, आणि प्रत्येक वस्तूचा निर्णय आईचा. आज पलंग पूर्ण मोकळा आहे. खोली अजून निम्मी भरलेली आहे, पण दाराचं कुलूप निघालं आहे.

हा हट्ट नव्हे की आळस नव्हे. 2013 साली अमेरिकेच्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानसूचीत 'होर्डिंग डिसऑर्डर', म्हणजे वस्तू साठवत राहणं आणि टाकता न येणं, हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदला गेला. त्याआधी तो बहुधा ओसीडीचाच, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याच्या विकाराचा, भाग धरला जाई. गरिबीत वाढल्यामुळे माणूस साठवतो, असं सर्रास म्हटलं जातं. पण अभ्यासांत याचा संबंध जास्त करून जवळचं माणूस गमावणं, हिंसा, अत्याचार अशा अनुभवांशी आढळला आहे. अर्थात प्रत्येकाच्या मागे असा प्रसंग असतोच असं नाही. आनुवंशिकता असते, निर्णय घेताना होणारी ओढाताण असते. तेव्हा घरच्यांनी जुनी दुःखं उकरत बसू नये, ते काम आमच्यावर सोडा. तुम्ही एवढंच करा: टोमणे थांबवा, 'कचरा' म्हणू नका, आणि विचारल्याशिवाय हात लावू नका.

दारं-वाटा अडल्या असतील, शेगडीजवळ कागद साचले असतील, तर मात्र थांबू नका. तेवढी जागा आधी मोकळी करा. पण त्यांना शेजारी बसवून, त्यांच्याशी बोलत. आणि ही सवय उतारवयात अचानक सुरू झाली असेल, विसरभोळेपणाही वाढला असेल, तर माझ्याकडे येण्याआधी डॉक्टरांकडून स्मृतीची तपासणी करून घ्या.