आर्क्टिक वृत्तापर्यंत एका दिवसात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : येत्या हिवाळ्यात आम्ही पती-पत्नी काही दिवस अलास्कातील फेअरबँक्स येथे राहणार आहोत. तेथून मार्गदर्शकासह एका दिवसात आर्क्टिक वृत्तापर्यंत नेऊन आणणाऱ्या सहली निघतात. त्यांपैकी एखादी घ्यावी का? डिसेंबर बरा की मार्च? भाड्याच्या गाडीने आम्हीच गेलो तर?

उत्तर : सहल जरूर घ्यावी, परंतु केवळ वृत्त ‘गाठण्या’साठी घेऊ नये. तेथे एक फलक आहे आणि त्याच्यापुढे छायाचित्र काढण्याची रीत आहे, एवढेच. खरे पाहण्यासारखे आहे ते तिथवरच्या सुमारे ३२० किलोमीटरच्या वाटेवर.

या वाटेवरचा, फेअरबँक्सच्या उत्तरेस लिव्हेन्गुडजवळ सुरू होणारा डाल्टन हायवे १९७४ साली बांधला गेला तो प्रवाशांसाठी नव्हे, तर अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील प्रुडो बे येथील तेल दक्षिणेकडे नेणाऱ्या पाइपलाइनच्या कामासाठी. सुमारे १,२९० किलोमीटर लांबीची ही पाइपलाइन वाटेत अनेकदा दिसते आणि तिचा अर्ध्याहून अधिक भाग जमिनीवर खांबांच्या आधाराने उभा आहे, कारण आतले तेल उबदार असते आणि ते कायम गोठलेल्या जमिनीत पुरले, तर बर्फ वितळून जमीनच खचेल. खांबांच्या माथ्यावर धातूच्या पातळ पात्या दिसतील, त्या मार्गदर्शकाकडून नीट समजून घ्याव्यात. खांबातील बंद नळ्यांमध्ये अमोनिया असतो. जमिनीतील उष्णतेने त्याची वाफ होऊन ती वर चढते, पात्यांपाशी थंड हवेत पुन्हा द्रव होते आणि खाली उतरते. बाहेरची हवा जमिनीपेक्षा थंड असेल तेव्हाच हे चक्र चालते. त्यामुळे हिवाळ्यात जाणाऱ्याला ही व्यवस्था प्रत्यक्ष काम करत असताना भेटते. यूकॉन नदीवरील उतरता, लाकडी पृष्ठभागाचा पूलही याच मार्गावर आहे आणि पाइपलाइन त्याच्याच आधाराने नदी ओलांडते.

महिन्याविषयी विचाराल, तर माझे मत निःसंशय मार्चच्या बाजूने आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास फेअरबँक्सला दिवस चार तासांहूनही लहान असतो, म्हणजे जाण्या-येण्याचा बराचसा प्रवास काळोखात होतो, आणि ज्या दृश्यासाठी जायचे तेच हातचे जाते. मार्चच्या उत्तरार्धात दिवस जवळपास बारा तासांचा असतो, थंडीही थोडी सैल झालेली असते, आणि परतीच्या वाटेवर अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रदेशात रात्री आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश, पाहण्यापुरता अंधार मिळतोच. अरोरासाठी मात्र इतक्या उत्तरेला जाण्याची आवश्यकता नाही. आकाश निरभ्र असेल, तर तो शहराबाहेर थोड्या अंतरावरूनही दिसतो.

स्वतः गाडी चालवण्याचा विचार सोडून द्यावा. भाड्याच्या बहुतेक करारांमध्ये या रस्त्याला मनाई असते. शिवाय मालट्रकांची सततची ये-जा, बर्फाळ चढउतार, बहुतांश मार्गावर मोबाइलला नसलेली रेंज आणि हिवाळ्यात पेट्रोलचा अभाव यांमुळे एखादी किरकोळ बिघाडाची घटनाही जिवावर बेतू शकते. वाटेतील शौचालयेही तापवलेली नसतात, हे आधीच माहीत असलेले बरे.

प्रश्न : उणे ४० अंश तापमानात कपडे कोणते घालावेत?

उत्तर : उणे ४० हा आकडा सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन्ही मापांत एकच आहे, त्यामुळे निदान त्याबाबत गोंधळ होणार नाही. अंगालगत सुती कपडा नको, कारण तो घाम शोषून ओला राहतो. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा असावा. बूट किंचित सैल हवेत, कारण जाड मोजे कोंबून पाऊल आवळले, की रक्ताभिसरण मंदावते आणि बोटे लवकर बधिर होतात. जाड कोट व बूट फेअरबँक्सला भाड्याने मिळतात. एका दिवसासाठी विकत घेण्यात अर्थ नाही. एक गंमत मात्र ध्यानात ठेवावी : थंड, जड हवा दरीत साचत असल्याने टेकडीवर चढल्यावर अनेकदा तापमान वाढलेले आढळते.

प्रश्न : कॅमेऱ्याची काळजी कशी घ्यावी?

उत्तर : जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात. गाडीत परतण्यापूर्वी, बाहेर असतानाच, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा, म्हणजे उबदार हवेतील बाष्प त्याच्यावर न जमता पिशवीच्या बाहेरच्या बाजूस जमेल. तो पुरता उबदार होईपर्यंत पिशवी उघडू नये.