कॅलिफोर्नियात डॉक्टर थेरपी सांगत होते, मिशिगनला आल्यावर पहिल्याच भेटीत गोळी लिहून दिली. एडीएचडीचा (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) उपचार राज्याप्रमाणे बदलतो का?

तुमचा मुलगा पाच वर्षांचा आहे, म्हणून आधी त्याच्यापुरतं सांगते. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला सगळ्या राज्यांना एकच आहे: सुरुवात वर्तन-उपचारापासून, म्हणजे तुम्ही म्हणता त्या थेरपीपासून. तेवढ्याने भागलं नाही आणि त्रास बराच असेल, तर मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाचा विचार. 2011 मध्ये हेच सांगितलं होतं, 2019 च्या सुधारणेतही तेच आहे.

तरी तुम्हाला आलेला अनुभव खराच आहे. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने 2009-10 च्या पाहणीतून 4 ते 17 वयाच्या, एडीएचडी असलेल्या मुलांचे आकडे काढले. औषध घेणारी मुलं कॅलिफोर्नियात 57 टक्के निघाली, मिशिगनमध्ये 88. वर्तन-उपचार मिळालेली टेनेसीत 33 टक्के, हवाईत 61. आकडे जुने आहेत, पण हा फरक मी स्वतः भोगलाय.

आम्हीही मुलगा पाच वर्षांचा असताना राज्य बदललं. नव्या डॉक्टरांनी लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. मी थेरपीचं विचारलं, तर म्हणाल्या, "जवळपास कुणी नाही, आणि जे आहेत त्यांच्याकडे सात महिने नंबर लागत नाही." मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, हाताशी होतं ते त्या देत होत्या. गोळी एका भेटीत लिहून होते. थेरपीला प्रशिक्षित माणूस लागतो, दर आठवड्याचा वेळ लागतो आणि विम्याची मंजुरीही.

म्हणून डॉक्टरांना "थेरपी हवी" एवढंच सांगून थांबू नका. "पालकांसाठीचं वर्तन-प्रशिक्षण कुठे मिळेल, व्हिडिओवर चालेल का" असं विचारा. या वयात शिकायचं असतं ते आपणच: एका वेळी एकच सूचना, जमलं की तिथल्या तिथे कौतुक, रोजचा ठरलेला क्रम. साधारण 8 ते 16 सत्रं होतात. आम्ही ती व्हिडिओवर केली. पहिला महिना काहीच हललं नाही, मग सकाळचं आवरणं रडारडीशिवाय व्हायला लागलं.

सहा पूर्ण झाल्यावर मात्र सल्ला बदलतो, औषध आणि वर्तन-उपचार दोन्ही बरोबरीने. तेव्हा गोळीला घाबरून अडून बसू नका. आमच्या मुलाला सातव्या वर्षी सुरू केली, आणि आधी शिकलेलं सगळं तेव्हाही चालूच ठेवलं.