वीतभर काळ, पावलांनी मोजलेलं गाव : परिसर अभ्यासाची प्रश्नोत्तरे

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. पुस्तकं वाटून झाली की शिक्षकांचे आणि पालकांचे प्रश्न येऊ लागतात. या वेळचे बरेचसे पहिली ते चौथीच्या परिसर अभ्यासाबद्दल आहेत. बत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत हाच विषय सगळ्यांत जास्त आवडीनं शिकवला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मंगरूळपीर तालुक्यात दोनशिक्षकी शाळेवर आहे. तिसरी-चौथी एकत्र बसतात. मुलांना काळाचा अंदाज येत नाही. एका मुलीनं विचारलं, ‘बाई, तुम्ही शिवाजी महाराजांना पाहिलं होतं का?’ सनावळ्या पाठ करून घ्याव्यात का?

नका घेऊ बाई. त्या मुलीचा प्रश्न उत्तम आहे. आठ वर्षांच्या लेकराला ‘खूप वर्षांपूर्वी’ म्हणजे आजी लहान होती तेव्हा, आणि शिवाजी महाराजही तेव्हाच. चौथीला शिवछत्रपतींचं पुस्तक हाती येण्याआधी हा गुंता सोडवायला हवा.

सुतळीचा एक गुंडा आणा. तुमची एक वीत म्हणजे दहा वर्षं. सुतळीचं टोक म्हणजे आज. मुलांचं सगळं आयुष्य पहिल्या वितीतच मावतं, तिथं एक गाठ मारा. आईची गाठ तिसऱ्या वितीच्या आसपास येते. आजीची सहाव्या-सातव्या. मग गावातल्या गोष्टी घ्या : शाळेची इमारत कधी झाली, वीज कधी आली, हापसी कधी बसली. ही वर्षं मुलांनी घरून विचारून आणायची. शेवटी विचारा, शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, तर गाठ कुठं येईल? मुलं सुतळी सोडत सोडत दाराबाहेर जातात, व्हरांडा ओलांडतात. चाळीस वितींच्या जवळपास. जिजाऊंची गाठ, १५९८ ची, त्याच्याही तीन वित्या पुढं. सिंदखेडराजा तुमच्यापासून फार लांब नाही, जमलं तर सहल न्याच. सुतळीचं ते टोक हातात धरून उभं राहिलेलं लेकरू मला पुन्हा कधीही ‘बाई, तुम्ही पाहिलं होतं का’ असं विचारताना दिसलं नाही.

तुमच्या जिल्ह्याला आणखी एक सोय आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. वर्गातल्या एखाद्या मुलाची पंचाहत्तरीची पणजी शोधा आणि तिला शाळेत बोलवा. ती जन्मली तेव्हा हे गाव मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आलं, १ मे १९६० ला महाराष्ट्रात, आणि मग अकोल्याचं वाशीम झालं. पणजीनं घर बदललं नाही, तरी तिचं राज्य दोनदा आणि जिल्हा एकदा बदलला. हे ऐकून मुलं हसतात, आणि ‘सीमा माणसं आखतात’ हे तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

मोर्शी तालुका. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर असते म्हणून माझी मुलं उत्तर कुठं विचारलं की आभाळाकडे बोट दाखवतात.

नकाशा भिंतीवरून काढून जमिनीवर अंथरा. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी उगवतीकडे तोंड करून मुलांना उभं करा. डावा हात उत्तरेला जातो. त्या दिशेनं नकाशा फिरवून ठेवा. आठवडाभर तो जमिनीवरच राहू द्या, भिंतीची घाई नको.

त्यानंतर पावसाच्या पहिल्या चांगल्या सरीला अंगणात चला आणि पाणी कुठं वाहतं ते पाहा. शाळेच्या अंगणातून नाली, नालीतून नाला, नाल्यातून नदी. मोर्शीचं पाणी वर्धा नदीला जातं. अप्पर वर्धा धरण मुलांनी पाहिलेलं असेलच. वर्धा पुढं वैनगंगेला मिळते, तिथून तिचं नाव प्राणहिता, आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते. म्हणजे तुमच्या अंगणातलं पाणी बंगालच्या उपसागरात. पण तुमच्याच जिल्ह्यातल्या दर्यापूरच्या मुलांचं पाणी पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात. एकाच अमरावती जिल्ह्यातली दोन अंगणं, दोन समुद्र! आणि गंमत म्हणजे तापी आणि वर्धा दोन्ही सातपुड्यात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईच्या परिसरात उगम पावतात. शेजारी जन्मून एक पश्चिमेला गेली, एक पूर्वेला. दर्यापूरच्या एखाद्या शाळेशी ओळख काढा, दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांना पत्रं लिहू द्या.

गावाचा नकाशा काढायला सांगितला. मुलांनी वस्त्यांना जातीची नावं लिहिली, घरी जशी बोलतात तशीच. मी गडबडून फळा पुसला. काय करायला हवं होतं? (शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

सर, तुमचं गडबडणं मला कळतं. मीही एकदा असाच फळा पुसलाय, आणि मागच्या रांगेतल्या एका मुलीनं वहीतली तिच्या घराची खूण पेन्सिलीनं गिरवून काळी केली. ते मला आजही टोचतं. फळा पुसला की मुलांना एवढंच कळतं की इथं काहीतरी लाजिरवाणं आहे, आणि ज्या लेकराचं घर त्या वस्तीत आहे त्याला वाटतं, ते लाजिरवाणं म्हणजे आपणच.

पुढच्या वेळी नकाशाची सुरुवात वस्तीपासून करू नका. खुणांपासून करा : चिंच, पार, आखर, हापसी, पांदण, पिठाची गिरणी. घरं या खुणांच्या आधारानं येऊ द्या. ‘चिंचेजवळचं घर’, ‘गिरणीमागचं घर’. वस्तीचं नाव लागलंच तर ग्रामपंचायतीच्या कागदावरचं घ्या. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं त्यात सुचवली होती. तुमच्या गावात ते झालंय का, हे मुलांसोबत पंचायतीत जाऊन विचारता येईल.

पण एखादं पोर विचारेलच, की त्यांची घरं तिकडं लांब का? तेव्हा ‘मोठा झालास की कळेल’ म्हणू नका. त्या वस्तीतल्या मुलांना ते केव्हाच कळलेलं असतं. सरळ सांगा : पूर्वी काही माणसांनी दुसऱ्या काही माणसांना शिवायचं नाही, विहिरीवर येऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. ते चूक होतं. आपल्या संविधानाच्या कलम १७ नं ते बंद केलं, आणि आता तसं वागणं गुन्हा आहे. मग शाळकरी भीमरावाची गोष्ट सांगा. बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं, आणि तहान लागली तरी नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायानं नळ सोडला तरच पाणी मिळायचं. आठ वर्षांच्या मुलांना ‘समता’ हा शब्द जड जातो, पण तहानलेल्या मुलाला पाणी न देणं त्यांना ताबडतोब कळतं. माझ्या वर्गात एकदा एक मुलगा रागानं उभा राहून म्हणाला, ‘तो शिपाई सुटीवर असला तर?’ याहून चांगला प्रश्न मला कुणी विचारलेला नाही.

आणि एक मोजणी करून पाहा. प्रत्येक मुलानं घरापासून जवळच्या नळापर्यंतची पावलं मोजायची, आकडे नकाशावर लिहायचे. आम्ही केली तेव्हा कुणाची चाळीस पावलं, कुणाची चारशेच्या वर. मी एक शब्द बोललो नाही. मुलं त्या आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिली. तो कागद आम्ही सरपंचबाईंना दिला.

जाता जाता : शिष्यवृत्तीच्या याद्या प्रवर्गासकट वर्गात मोठ्यानं वाचायची सवय काही शाळांत अजून आहे. ती आजच बंद करा. नागरिकशास्त्राचा तोच पहिला धडा ठरतो.

‘माझे कुटुंब’ शिकवायचं आहे. वर्गात एक मुलगा आहे, त्याच्या वडिलांनी मागच्या हंगामात जीव दिला. धडा गाळू का? (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)

गाळू नका, पण आधी त्याच्या आईला भेटा. घरी त्याला काय सांगितलंय ते विचारा. वर्गात त्याहून वेगळं काही जाता कामा नये. ‘तुमचे बाबा काय करतात?’ हा प्रश्न कुणालाच विचारू नका. त्याऐवजी विचारा, घरात पाणी कोण भरतं, कापूस वेचायला कोण जातं, तुझा ताप कोण पाहतं, तू स्वतः काय करतोस? आजी, मामा, मोठी बहीण अशी सगळी माणसं त्यात येतात, आणि कुटुंब म्हणजे एकमेकांची कामं करणारी माणसं, हा धड्याचा गाभाही त्यातच आहे.

तो स्वतःहून बोलला तर थांबवू नका. ‘हो, बाबा वारले. तुला त्यांची आठवण येते ना?’ एवढं पुरे. कर्ज, बँक, मदतीचा चेक, हे विषय वर्गात नकोत. आणि कार्यालयीन कागदांत ‘आत्महत्याग्रस्त कुटुंब’ असा शब्द येतो, तो शाळेत कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. त्याला त्याचं नाव आहे. तो बरेच दिवस गप्प राहिला, खाईना, तर आईशी आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोला.

धारणी तालुका. मुलं घरी कोरकू बोलतात. परिसर अभ्यासाच्या तासाला मान खाली घालून बसतात.

परिसर त्यांना तुमच्याहून जास्त माहीत आहे, मराठी शब्द तेवढे माहीत नाहीत. आधी झाडं, पाखरं, नाती यांची कोरकू नावं त्यांच्याकडून शिका, फळ्यावर देवनागरीत लिहा, शेजारी मराठी नाव. उच्चार चुकला की मुलं हसतील, हसू द्या. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. त्यामुळे ‘हळूहळू आपोआप येईल’ या भरवशावर राहू नका. महिन्यातून एकदा गावातल्या म्हाताऱ्याला बोलवा, त्यानं कोरकूत सांगावं आणि मुलांनी तुम्हाला मराठीत समजावावं. मान वर येते की नाही पाहा.

मी शेतमजुरी करते, दहावीपर्यंत शिकले. मुलगी तिसरीत आहे. घरी हा विषय कसा घेऊ? पुस्तक वाचायला वेळ नसतो.

ताई, पुस्तक शाळेवर सोडा. आठवडी बाजाराच्या दिवशी पोरीला सोबत न्या. संत्री कुठून आली, मीठ कुठून आलं, हे तिलाच दुकानदाराला विचारू द्या. आपल्या भागात जे पिकत नाही ते कोणतं, हे घरी आल्यावर तिला निवडायला सांगा. तुम्ही वेचलेला कापूस जिनिंगमध्ये गेल्यावर त्याचं काय होतं, सरकी कुठं जाते, रुई कुठं जाते, हे तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं वेचता वेचता सांगा. उरलेलं तिला गुरुजींना विचारायला लावा. वीस रुपये तिच्या हातात द्या आणि भाजीचा एक जिन्नस तिनंच भाव करून घ्यावा.