तिकीट आहे, पण सीट कुठंय?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही दोघं आणि सासूबाई जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड ट्रेननेच फिरणार आहोत. युरोपभर ट्रेनने फिरायचा युरेल पास काढलाय, त्यामुळे आता प्रवासाचा खर्च मिटला असं धरून चाललो होतो, पण फ्रान्सची टीजीव्ही ही वेगवान गाडी बघायला गेलो तर रिझर्व्हेशनचे वेगळे पैसे मागतायत. मग पासचा उपयोग काय? कुणी फसवतंय का?

उत्तर: नाही हो, फसवत कुणी नाहीये. तिकडं पास किंवा तिकीट म्हणजे प्रवासाचं भाडं, आणि बसायची जागा हा वेगळा मामला, आणि त्यातही गोची अशी की प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा. फ्रान्सच्या टीजीव्हीत रिझर्व्हेशनशिवाय चढताच येत नाही, स्पेनच्या एव्हीई आणि इटलीच्या फ्रेच्चारोस्सा या वेगवान गाड्यांनाही तेच. त्यात टीजीव्हीत पासवाल्यांना ठरावीकच जागा ठेवलेल्या असतात आणि त्या संपल्या की गाडी अर्धी रिकामी असली तरी पास घेऊन बसा बोंबलत, त्यामुळे तेवढं बुकिंग आजच उरका.

जर्मनीत उलटं. आयसीई या तिथल्या वेगवान गाडीत रिझर्व्हेशन ऐच्छिक आहे, नुसत्या पासवर चढा आणि रिकामी सीट शोधा. सीटजवळ छोटा डिस्प्ले असतो, त्यावर समजा कोलोन ते फ्रँकफर्ट लिहिलं असेल तर ती सीट तेवढ्याच टप्प्यासाठी कुणीतरी धरलेली आहे, त्याच्या आधी किंवा नंतर तुम्ही खुशाल बसा. आणि रिझर्व्हेशनवाला गाडी सुटल्यावर पंधरा मिनिटांत आलाच नाही तर त्याचा हक्क जातो. हा नियम बरोबर लक्षात ठेवून लोक बरोब्बर पंधराव्या मिनिटाला उठून त्या सीटवर जाऊन बसतात, मजा येते बघायला. पण तुमच्याबरोबर सासूबाई आहेत ना, मग जर्मनीतही जागा धराच, शुक्रवारी संध्याकाळी दोन डब्यांमधल्या जागेत बॅगेवर बसून जाणारी माणसं कमी नसतात आणि ते वय सासूबाईंचं नाही.

स्वित्झर्लंडमध्ये रोजच्या गाड्यांना रिझर्व्हेशनची काही गरज नाही. ग्लेशियर एक्सप्रेससारख्या पर्यटकांच्या गाडीला मात्र लागतं.

प्रश्न: स्वित्झर्लंडच्या ॲपमध्ये गाडी बदलायला सात मिनिटं दाखवतायत. एवढ्यात बॅगा घेऊन कसं जमणार?

उत्तर: जमतं, कारण तिथलं टाइमटेबलच त्या सात मिनिटांसाठी बांधलंय. 1982 पासून तिथे ठरावीक अंतराने गाडी सोडायची पद्धत देशभर आहे, मोठ्या जंक्शनला चारी बाजूंच्या गाड्या तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या थोडं आधी येतात, माणसं इकडून तिकडे पळतात आणि थोड्या वेळाने सगळ्या सुटतात. म्हणूनच झुरिक ते बर्न हे अंतर तासाच्या आत आणण्यासाठी त्यांनी नवा मार्ग बांधला, 2004 मध्ये ते जमलं. वेगाचा विक्रम वगैरे करायचा नव्हता, पुढची गाडी चुकू नये एवढंच. मला तर हे तीनशेच्या स्पीडपेक्षा भारी वाटतं. समजा चुकलीच, तर बहुतेक मोठ्या मार्गांवर तास-अर्ध्या तासात पुढची असते आणि पास किंवा साधं तिकीट तिलाही चालतं. फक्त सवलतीचं, एकाच गाडीला बांधलेलं तिकीट असेल तर तसं नाही, ते काढताना बघून घ्या.

प्रश्न: मुलगा जर्मनीत शिकतो. त्याने आमचं स्वस्तातलं श्पारप्राइस तिकीट काढलंय, दोन गाड्या बदलायच्या आहेत. पहिलीच लेट झाली तर पुढचं सगळं तिकीट वाया?

उत्तर: सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर नाही. हे तिकीट ठरलेल्या गाडीलाच बांधलेलं असतं खरं, पण शेवटच्या स्टेशनला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी पकडता येते. पोचायला तासाभराचा उशीर झाला तर भाड्याचा पाव भाग आणि दोन तास झाले तर निम्मं भाडं परत मागता येतं, युरोपियन युनियनचाच नियम आहे, फक्त फार मोठं वादळ वगैरे कारण असेल तर देत नाहीत. मुलाने दोन तुकड्यांत वेगळी तिकिटं काढली असतील तर मात्र पंचाईत, त्याला आजच विचारा.

आणि एक, प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी असे भाग असतात, तुमचा डबा कुठल्या भागात येणार ते आधी बोर्डवर बघा. काही आयसीई म्हणजे दोन गाड्या जोडलेल्या असतात, बर्लिनहून येणाऱ्या काही गाड्या हाम स्टेशनात सुट्या होतात, एक भाग एसेन-ड्यूसलडॉर्फकडे आणि दुसरा वुपरटालमार्गे कोलोनला. डब्याच्या दारावर कुठे जाणार ते लिहिलेलं असतं, ते वाचूनच आत चढा, बॅगा वर टाकून झाल्यावर नाही.